मयताशी नातं

पेटीमास्तरांनी पेजेच्या वाटीकडे बघितलं, डोळे मिटले, आणि मनात तीनपर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ तसेच राहिले. मग तोंड उघडलं.

"लगेच डोळा लागला व्हय?" वेणूबाईंनी चमचा तोंडाशी नेत विचारलं. "घास तरी गिळा आधी."

"वास घेत होतो," मास्तर म्हणाले.

मी पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते. हॉस्पिटलच्या पेजेला कसलाही वास नसतो. ते मिटलेले डोळे मात्र माझ्या चांगले ओळखीचे होते. आमच्या घरी प्रार्थना केल्याशिवाय घास उचलला की वडील ताट ओढून घ्यायचे. पुढे कॉलेजच्या कँटीनमध्ये मैत्रिणींसमोर लाज वाटायची, म्हणून डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं करून मी ती प्रार्थना उरकायचे. लपवून प्रार्थना करणारा माणूस मला शंभरात ओळखू येतो. पण पलंगाला लावलेल्या कागदावर नाव होतं जयराम भिकाजी मोरे, आणि उशाशी वेणूबाईंनी गावच्या मारुतीचा शेंदूर पुडीत बांधून ठेवला होता.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. पुण्यात एका संस्थेत मी आंतरधर्मीय अभ्यासाचं एम.ए. करत होते. ते नक्की काय असतं, हे मला अजून नातेवाइकांना धड सांगता येत नाही. दीड वर्ष सगळ्या धर्मांचा अभ्यास, आणि शेवटचं सत्र हॉस्पिटलात. जे घाबरलेत, एकटे आहेत, टेकीला आलेत, त्यांच्याजवळ बसायचं. औषध द्यायचं नाही, उपदेश करायचा नाही, धर्म विचारायचा नाही. गळ्यातल्या कार्डावर 'आत्मिक सोबत' असं छापलेलं होतं. वॉर्डातल्या मावश्या आम्हाला 'बसणाऱ्या बाया' म्हणायच्या. आम्ही चौघं होतो. त्यात तौफिक मुजावर हा एकटाच पुरुष, पण तोही बायांतच मोजला जायचा.

या शिक्षणातली खरी शिक्षा म्हणजे 'शब्दशः'. पेशंटशी झालेलं बोलणं बाहेर येऊन आठवून जसंच्या तसं लिहायचं. कागदाचे दोन रकाने. डावीकडे तो काय म्हणाला, मी काय म्हणाले. उजवीकडे त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. नावं बदलायची, आणि गटात मोठ्याने वाचून दाखवायचं. आमच्या मार्गदर्शक पाठारे बाई डाव्या रकान्याला फारसा भाव द्यायच्या नाहीत. वीस वर्षं त्या मरणाऱ्या माणसांजवळ बसत आल्या होत्या आणि देव मानत नव्हत्या. माझ्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. वडील आमच्या मंडळीचे, म्हणजे गावच्या चर्चचे, पाळक. माझं नावही त्यांनीच ठेवलेलं, सुवार्ता.

पेटीमास्तर भोरकडच्या एका गावातले. आसपासच्या वीस गावांतल्या भजनी मंडळांच्या बाजाच्या पेट्या ते दुरुस्त करायचे, स्वतःही वाजवायचे. लिव्हरचा कॅन्सर, पोटात पाणी. डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता. वेणूबाई रात्रंदिवस पलंगापाशी असायच्या. त्यांच्या गावात त्यांना मास्तरीणबाई म्हणतात, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर त्यांनी अंगठा न उमटवता सही केली, आणि नात्यापुढे 'पत्नी' असं सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिलं. "ह्यांनीच शिकीवलं," त्या क्लार्कला म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी त्या औषधं आणायला खाली गेल्या. मास्तरांनी मला जवळ बोलावलं.

"तुमचं नाव काय बाई?"

"सुवार्ता."

"सुवार्ता काय?"

"शिणगारे."

"म्हणजे नगरच्या."

"राहुरीच्या बाजूला. वडील पाळक आहेत."

"पडदा ओढा," मास्तर म्हणाले.

मी पलंगाभोवतीचा हिरवा पडदा ओढला.

"डोक्यावर हात ठेवा माझ्या. आणि देवबाप म्हणून सुरू करा. हळू. पलीकडं ऐकू जाता कामा नये."

पेशंटने मागितली तर प्रार्थना करायची परवानगी होती. मी हात ठेवला. देवबाप म्हटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं, तोंडातून आवाज मात्र नाही. आमेन झाल्यावर त्यांनी माझा हात तसाच डोक्यावर दाबून धरला.

"एकतीस वर्षांनी ऐकलं," ते म्हणाले. "माझं नाव याकोब. याकोब खरात. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो. मुकादमाला याकोब लिहिता येईना, त्यानं जयराम लिहिलं. मी म्हणलं, असू दे. भिकाजी मोरे पुढं मीच जोडलं. काम संपल्यावर बाकीचे घरी गेले. मी नाही गेलो. कुणाचा खून नाही केला, चोरी नाही केली. घरी बायको होती, चार वर्षांचं पोर होतं, खायला दाणा नव्हता. मी उठलो आणि उलट्या दिशेला चालायला लागलो. भोरकडच्या गावात मारुतीच्या देवळात पेटी बिघडून पडलेली. मी मिशनच्या शाळेत शिकलेलो, दुरुस्त करून दिली. त्यांनी जेवायला घातलं. मग राहिलोच."

हे नाव मला पाठ होतं. आमच्या मंडळीत दर रविवारी उपासना संपत आली की वडील विचारायचे, कुणाला कुणासाठी प्रार्थना मागायची आहे का. मग तिसऱ्या बाकावरून राहेलबाई खरात उठायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, "याकोबासाठी." मला कळायला लागल्यापासून दर रविवारी. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो आणि मार खायचो.

"घरच्यांचं..." मी सुरुवात केली.

"तुम्हाला माहीत असंल तर सांगू नका," ते घाईने म्हणाले. "आता ऐकून काय करू?"

"वेणूबाईंना सांगावंसं वाटत नाही?"

"काय सांगू? की तुझं लग्न हे लग्नच नाही? पहिलं लग्न मंडळीसमोर लागलं, हे देवळात लागलं. कायदा म्हणंल पहिलं खरं." त्यांना दम लागला. मी पाणी दिलं. "आणि मला विचाराल तर वेणूच माझी बायको. तीस वर्षं झाली. माझं हागणंमुतणं काढतीय ती इथं. ती माझी बायको नसंल, तर जगात कुणीच कुणाची नाही." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "हे तुमच्यापाशीच ठेवा. मी गेल्यावर मंडळ येईल, सोपान पखवाज घेईल, नेतील मला वाजवत. वेणू माझ्या नावानं रडंल, चारचौघात. तेवढं नीट होऊ द्या."

"आणि देवबाप?" मी विचारलं.

"त्याला भजनाची चाल कळत नसंल व्हय?"

मी शब्द दिला. हे माझ्यापाशीच राहील, असं स्पष्ट म्हणाले. पडदा सरकवला तर वेणूबाई औषधांची पिशवी घेऊन बाहेर उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गटात 'शब्दशः' वाचलं. नावं बदलली होती, गाव बदललं होतं. वाचून झाल्यावर सगळा गट माझ्याकडेच बघत होता, आणि मला आतून फार बरं वाटलं.

"उजवा रकाना मध्येच रिकामा आहे," पाठारे बाई म्हणाल्या. "तो नाव सांगतो तिथपासून. काय चाललं होतं तुझ्या मनात?"

"आठवत नाही बाई."

"डावीकडचं वाक्यन् वाक्य आठवतं आणि उजवीकडचं आठवत नाही?"

"त्यांना शांती मिळाली, याचा आनंद होता."

"त्याला मिळाली. तुला काय मिळालं?" मी कागद गोळा करायला लागले. त्यांनी माझे कागद घेऊन कपाटात ठेवले आणि किल्ली फिरवली. "हे इथे संपलं, सुवार्ता. तो काय मागतोय आणि तुला काय द्यावंसं वाटतंय, यातलं अंतर तपासून बघ."

बाहेर आल्यावर तौफिक म्हणाला, "तुला तुमच्यातला एक सापडला, म्हणून एवढी खूश आहेस. माझंही तसंच झालं असतं. सांभाळ."

मी त्याच्यावर उखडले. खरं बोलणाऱ्यावर माणूस उखडतोच.

शनिवारी मी घरी गेले. आईची तब्येत बरी नाही असं संस्थेत सांगितलं होतं. आई ठणठणीत होती. रविवारी उपासनेला दुसऱ्या बाकावर बसले. वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि माझ्या पाठीमागून आवाज आला.

"याकोबासाठी."

मंडळी आमेन म्हणाली. इतकी वर्षं म्हणून म्हणून त्या आमेनमध्ये काही उरलं नव्हतं. दोन बायका आपसात बोलतही होत्या. मला इतका राग आला. एक बाई एकतीस वर्षं उभी राहून मागते आहे, तिला मिळालंय, आणि ते फक्त मला ठाऊक आहे. मला वाटलं, देवाने मला त्या हॉस्पिटलात, त्या वॉर्डात, त्या स्टुलावर उगाच बसवलं का? आज सगळं स्पष्ट सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगते. मला त्यात गोडी वाटत होती. आपण देवाच्या कामाला आलो, याची गोडी.

बाहेर कडुनिंबाखाली राहेलबाई चपला घालत होत्या.

"राहेलमावशी," मी म्हणाले, "याकोबकाका जिवंत आहेत."

त्या पायरीवर बसल्या. एक चप्पल हातात तशीच. "कुठं?"

मी हॉस्पिटल सांगितलं, वॉर्ड सांगितला, पलंगाचा नंबर सांगितला. किती दिवस उरलेत तेही. शेवटी म्हणाले, "तिथे एक बाई आहेत मावशी. त्यांची सेवा करतात."

"असंल," राहेलबाई म्हणाल्या. "एकट्यानं ऱ्हाणारा माणूस नव्हता तो."

सोमवारी चार वाजता, भेटीच्या वेळी, त्या आल्या. बरोबर त्यांचा मुलगा शमुवेल, साखर कारखान्यात फिटर, पस्तिशीचा, टक्कल पडायला लागलेला. वेणूबाई ओल्या फडक्याने मास्तरांचे पाय पुसत होत्या. मी खिडकीशी उभी होते. मुद्दाम थांबले होते. काहीतरी सुंदर घडणार आहे आणि ते आपल्याला बघायला मिळणार आहे, अशी माझी कल्पना होती.

"याकोब," राहेलबाई म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांनी राहेलबाईंकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी आज इतक्या वर्षांनी ही गोष्ट सांगत बसले नसते. त्यात फक्त एवढंच होतं की त्यांना कळलं.

"कोण पायजे तुमाला?" वेणूबाईंनी विचारलं. "हे जयराम मास्तर हायेत. मोरे."

शमुवेलने पाकिटातून फोटो काढला. "हे माझे वडील आहेत, बाई. बहात्तर साली गेले ते."

फोटोत एक तरुण बाजाची पेटी वाजवत होता. भात्यावरच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. वेणूबाईंनी फोटो बघितला. मग चादरीवरचा डावा हात बघितला. तीस वर्षं त्या हातावर त्यांनी पाणी घातलं होतं, त्या करंगळीची त्यांना काय नवलाई?

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्या कोन हायेत? सांगा तुमी. मी ऐकते."

मास्तरांनी पहिल्यांदाच राहेलबाईंकडे मान वळवली. बराच वेळ बघितलं.

"मी ओळखत नाही ह्यांना," ते म्हणाले.

राहेलबाईंनी मान हलवली. "आवाज तोच हाय रे शमुवेल," असं म्हणाल्या आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. त्या बाकावरून त्या दोन दिवस उठल्या नाहीत. मास्तर नंतर कुणाशीच बोलले नाहीत. म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं खोटं निघालं, आणि ते बोलायची पाळी मी त्यांच्यावर आणली.

त्या दोन दिवसांत वेणूबाईंनी त्यांना काहीही विचारलं नाही. अंग पुसलं, कूस बदलली, पेज भरवली. मंगळवारी दुपारी मी दारातून बघितलं. चमचा तोंडाजवळ आला तसे मास्तरांनी डोळे मिटले. वेणूबाईंनी चमचा तिथेच थांबवून धरला. त्यांनी डोळे उघडल्यावर मग तोंडाला लावला.

बुधवारी सकाळी दहाला मास्तर गेले. तोंडात पाणी वेणूबाईंनी घातलं.

मृतदेह ताब्यात द्यायची खिडकी तळघरात होती. भोरहून जीप आली होती, भजनी मंडळाचे सहाजण, गळ्यात टाळ, आणि पुढे सोपान, त्यांचा पखवाजी, धंद्याने शिंपी. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला शमुवेल आणि राहेलबाई. वाद होईल म्हणून सिस्टरने पाठारे बाईंना बोलावून घेतलं होतं. मी त्यांच्या मागे उभी.

क्लार्कने खिडकीतून फॉर्म सरकवला. ताब्यात घेणाऱ्याचं नाव. मयताशी नातं. सही.

"आमचं भांडण नाही," शमुवेल म्हणाला. "पण आईनं एकतीस वर्षं वाट बघितली. माती द्यायला तरी तिला मिळू द्या."

"मास्तर आमचे हायेत!" सोपान पुढे झाला. "तवा कुठं व्हता तुमी? हितं मास्तरीणबाई हायेत, त्यांची बायको हाय, ती म्हणंल तसं हुईल."

"सोपाना, गप," वेणूबाई म्हणाल्या.

पेन त्यांच्या हातात होतं. त्यांनी पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, एकेक अक्षर लावून. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं. मग त्या वळल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या.

"बाई, त्या दिशी मी औषदाला खाली गेले. वर आले तर पडदा वढलेला. आत तुमी व्हता."

"हो."

"काय म्हनलं ते?"

मी गळ्यातलं कार्ड चाचपलं.

"समदं नको सांगू. येवढंच सांग." त्यांचा आवाज एकदम खाली गेला आणि त्या अगंतुगंवर आल्या, आपल्या लेकीशी बोलावं तसं. "मी कोन म्हणून म्हनलं?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. वेणूच माझी बायको. तीन शब्द. ते ऐकलं असतं तर त्यांनी दुसऱ्या ओळीत लिहिलं असतं, आणि मग कुणाची हिंमत झाली नसती. पण समोर राहेलबाई उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडेच डोळे लावले होते. शेजारी पाठारे बाई होत्या. मी तोंड उघडलं असतं तर पडद्याआडचं सगळं बाहेर आलं असतं, आणि या दोघांना इथे कुणी आणलं तेही. मी घाबरले. दुसरं काही नाही, घाबरले.

"पेशंटशी झालेलं बोलणं आम्हाला बाहेर सांगता येत नाही," मी म्हणाले. "तसा नियम आहे."

वेणूबाईंनी माझ्याकडे बघत मान डोलावली. "नियम हाय," त्या म्हणाल्या. मी उत्तर दिलं असं त्यांना वाटलं, हे मला फार उशिरा कळलं. मास्तर चांगलं काही म्हणाले असते तर ही पोर बोललीच असती, असा हिशेब त्यांनी केला असणार. कुणीही केला असता.

त्या खिडकीशी परत गेल्या, स्वतःचं नाव खोडलं आणि पेन शमुवेलपुढे धरलं.

"तुमी लिवा."

शमुवेलने लिहिलं. मुलगा.

गाडी नगरच्या रस्त्याला लागली. मंडळाचे लोक जीपपाशी तसेच उभे राहिले. पखवाजाची खोळ कुणी काढलीच नव्हती. वेणूबाई गाडी वळेपर्यंत उभ्या होत्या. डोळ्यांतून टिपूस नाही. चारचौघात रडायचं तर आता कोण म्हणून रडायचं, हा प्रश्न होता. मग सोपानने त्यांना दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

"खरातांना कुणी कळवलं?" पाठारे बाईंनी मला तिथेच विचारलं.

"मी."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आत्ता खिडकीपाशी जे झालं ते शब्दशः लिहून आण. दोन्ही रकाने."

मी आठ दिवस कागद पुढे घेऊन बसले. डावा रकाना झाला, पाच ओळींचा तर होता. उजव्यात पेन टेकवेना. बाईंनी मला त्या वर्षी नापास केलं. वर्षभराने पुन्हा सगळं सत्र करून मी पास झाले. आज मी स्वतः मुलांना हेच शिकवते, आणि कुणाचा उजवा रकाना रिकामा दिसला की मला ती खिडकी आठवते.

मास्तरांना आमच्या दफनभूमीत ठेवलं. वडिलांनी विधी केला. कोरीव दगडावर याकोब रंगनाथ खरात असं खरं नाव आलं. त्या पुढच्या रविवारी मी मंडळीत होते. वडिलांनी विचारलं, कुणाला कुणासाठी प्रार्थना मागायची आहे का. राहेलबाई सवयीने उठल्या. जरा वेळ उभ्या राहिल्या. मग काहीच न मागता खाली बसल्या. त्यांचंही जे होतं ते मीच काढून घेतलं होतं.

भोरला जायला मला दोन वर्षं लागली. वाक्य पाठ होतं, विसरायचा प्रश्न नव्हता. धाडस गोळा करायला वेळ लागला. एस.टी. थांबते तिथेच एक शिवणयंत्र घेऊन माणूस बसला होता. मी लगेच ओळखलं. तो सोपान. त्याने मला ओळखलं नाही.

"मास्तरीणबाई कुठे राहतात?" मी विचारलं.

"कोन मास्तरीणबाई?"

"पेटीमास्तरांच्या. वेणूबाई."

त्याने मान वर केली. मग त्याला ओळख पटली. "तुमी त्या हॉस्पिटलातल्या," तो म्हणाला. "वेणूला आता कोन मास्तरीणबाई म्हणतंय? नगरहून बायको आली, लेक आला, मढं घिऊन गेले, हे गावभर झालं. लोक म्हनले, मंग ही ठेवलेलीच व्हती की. तेरावं घालू म्हनलं तर ती म्हनली, मी कोन घालनार? पेटी देवळात दिली अन् भावाकडं गेली. मागच्या माघात वारली तिकडंच."

रस्त्यावर ऊन होतं. शिवायला आलेल्या कापडांचा ढीग त्याच्या शेजारी पडला होता. मी जे बोलायला आले होते ते त्यालाच सांगितलं, कारण आता दुसरं कुणी नव्हतं.

"ती त्यांची बायको होती. मास्तरांनी मला तसं सांगितलं होतं. वेणूच माझी बायको, असं."

"सोताच्या तोंडानं?"

"हो."

"हे तुमाला तवा खिडकीपाशी ठावं व्हतं?"

"हो."

सोपानने माझ्याकडे बघितलं. शिव्या घालील असं वाटलं. घालाव्यात असंही वाटलं.

"अन् आत्ता सांगताय?" तो म्हणाला. मग खाली वाकून त्याने सुईखाली कापड सरकवलं आणि मशीन चालू केलं.